गलगंड: कारणांचा शोध आणि मिठाचं राजकारण

(स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी बोलण्याचा माझ्यापेक्षा जास्त अधिकार असलेली माणसं या सभागृहात बसली आहेत. ते काम त्यांच्यावर सोडते आणि मिळालेल्या वेळात थेट गळ्याला हात घालते. तुम्हीही घाला. दोन बोटं कंठमण्याच्या जरा खाली ठेवा आणि आवंढा गिळा. बोटांखाली जे वर सरकून पुन्हा खाली आलं, ते मुख्यतः स्वरयंत्र. थायरॉईड त्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असते आणि त्याच्याबरोबर वर-खाली होते. गळ्यावरची गाठ आवंढ्याबरोबर हलली तर ती बहुधा थायरॉईडची, हा आडाखा आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी देत असू. सोनोग्राफी आली, तरी तो अजून निवृत्त झालेला नाही.

निरोगी प्रौढ माणसाची थायरॉईड साधारण 15 ते 20 ग्रॅमची. तिचा आकार वाढला की गलगंड. आश्रमशाळेत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत पाहणीला गेलो की मुलांना रांगेत उभं करायचं आणि दोन्ही अंगठ्यांनी गळा चाचपायचा. मुलाच्या स्वतःच्या अंगठ्याच्या शेवटच्या पेरापेक्षा ग्रंथीचा एकेक भाग मोठा लागला, तर ती वाढलेली समजायची. मोजपट्टी मुलाच्या अंगावरच असते. हाताला लागते पण डोळ्यांना दिसत नाही, ती पहिली पायरी. मान सरळ ठेवूनही दिसते, ती दुसरी. सहा ते बारा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण शंभरात पाचाच्या वर गेलं की तो सबंध परिसर गलगंडग्रस्त मानला जातो. एका मुलाचा गळा मोठा असेल तर त्या मुलाला तपासायचं. पण वर्गातले दहा गळे मोठे असतील तर मुलांना सोडून गावाची माती, पाणी आणि वाण्याच्या दुकानातलं मीठ तपासायला घ्यायचं. माझा आजचा विषय या दुसऱ्या तपासणीचा आहे, कारण ती करायला माणसाला फार उशीर लागला आणि अजूनही आपण ती अर्धवटच करतो.

ग्रंथी मोठी का होते, हे आधी समजून घेऊ. थायरॉईडचं काम आयोडीन गोळा करून त्यापासून हार्मोन बनवायचं. मुख्य हार्मोनच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, जास्त प्रभावी असलेल्या दुसऱ्यात तीन. आयोडीनला पर्याय नाही. दुसरा कुठलाही पदार्थ तिथे चालत नाही. सबंध शरीरात मिळून आयोडीन 15 ते 20 मिलिग्रॅम, आणि त्यातलं बहुतेक या एका ग्रंथीत. प्रौढ माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला 250. सत्तर वर्षांच्या आयुष्याचं आयोडीन एका चमच्यात मावेल. रक्तातलं हार्मोन कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी टीएसएच सोडते, आणि त्या रेट्याखाली थायरॉईडच्या पेशी फुगतात, वाढतात, ग्रंथीत रक्त जास्त खेळू लागतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की गाव विहीर खोल करतं, रुंद करतं, तसंच हे. पाणी तेवढंच राहतं, विहीर वाढते. कधी एवढ्यानं भागतंही. गलगंड झालेल्या पुष्कळ माणसांच्या रक्तात हार्मोन नेमकं हवं तेवढं असतं, म्हणजे ग्रंथीनं स्वतःला वाढवून तूट भरून काढलेली असते. पुढे वर्षानुवर्षं हाच रेटा चालू राहिला, की सगळी ग्रंथी सारखी न वाढता जागोजागी गाठी धरते आणि मग आयोडीन दिलं तरी ती पूर्वपदावर येत नाही. म्हणून लहान वयातला गलगंड ओसरतो, पन्नाशीतला सहसा नाही.

हे सगळं कळायच्या आधी लोकांनी पाण्याला दोष दिला. सुश्रुतसंहितेत गलगंडाचं वर्णन आहे. मार्को पोलो यारकंदला पोचला तेव्हा तिथल्या लोकांच्या गळ्याची सूज पाहून तोही पाण्याकडेच बोट दाखवून मोकळा झाला. 1830 च्या दशकात कुमाऊंत हिंडलेल्या जॉन मॅक्लेलंडनं गावागणिक गलगंड पाहिला आणि चुनखडीच्या दगडातून येणाऱ्या पाण्याशी त्याचा संबंध जोडला. आणि मग रॉबर्ट मॅककॅरिसन. गिलगिटमध्ये नेमणूक झालेला हा तरुण लष्करी डॉक्टर पाहतो, की एकाच पाटावर ओळीनं गावं वसलेली आहेत, वरच्या गावात गलगंड कमी आणि पाट जसा खाली उतरेल, घाण मिसळत जाईल, तसा गलगंड वाढतो. त्यानं पाण्यातला गाळ वेगळा करून स्वतः प्यायला आणि स्वयंसेवकांना पाजला. काहींचे गळे सुजले. तोच गाळ उकळून प्यायलेल्यांचे सुजले नाहीत. यावरून त्यानं जंतुसंसर्गाचं अनुमान काढलं आणि 1913 साली त्यावर पुस्तकही लिहिलं. पुढे कुन्नूरला पोषण-संशोधनाची प्रयोगशाळा यानंच उभी केली. हैदराबादची आजची राष्ट्रीय पोषण संस्था तिथूनच वाढली.

मॅककॅरिसनची थट्टा करणं आज सोपं आहे. मला ती करवत नाही. कोलंबियाच्या काउका खोऱ्यात पुढे असं आढळलं, की काही ठिकाणच्या पाण्यात थायरॉईडचं काम अडवणारी द्रव्यं खरोखरच असतात आणि आयोडीन पुरेसं मिळूनही तिथे गलगंड टिकून राहतो. मॅककॅरिसनचं जंतूचं अनुमान टिकलं नाही, पण ‘सगळं काही एकाच कारणानं होतं’ असं मानायची घाई त्यानं केली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

युरोपात दरम्यान आयोडीन सापडलं होतं. नेपोलियनच्या फौजेला बंदुकीची दारू हवी, दारूला सोरा हवा, आणि सोऱ्यासाठी सागरी शेवाळाची राख उकळताना बर्नार कुर्त्वा याला 1811 मध्ये जांभळी वाफ दिसली. नऊ वर्षांनी जिनिव्हाच्या कुएंदे या डॉक्टरनं गलगंडाच्या रोग्यांना आयोडीनचा अर्क द्यायला सुरुवात केली. सागरी शेवाळाची राख गलगंडावर देण्याची जुनी प्रथा होतीच; राखेतलं आयोडीनच काम करत असावं, हा त्याचा तर्क. गळे उतरले. पण गावात बातमी पसरताच लोक मनानंच औषध घेऊ लागले, मात्रा भलतीच वाढली, कुणाच्या छातीत धडधड, कुणी वाळत चाललं, आणि औषध बदनाम झालं. हा पहिला धडा, जो आपण नंतरही दोनदा-तीनदा शिकलो. 1830 च्या दशकात बुसँगोनं दक्षिण अमेरिकेत आयोडीनयुक्त नैसर्गिक मीठ वाटा असं सुचवलं. 1850 च्या दशकात शातँनं फ्रान्सच्या पाण्यातलं आणि मातीतलं आयोडीन मोजून, कमतरतेतून गलगंड होतो हे मांडलं. तिथल्या अकादमीनं ते मानलं नाही. थायरॉईडमध्ये आयोडीन असतं हेच मुळी सिद्ध झालं 1895 मध्ये, बाउमानच्या प्रयोगशाळेत. म्हणजे औषध सापडल्यावर पाऊण शतकानं.

मधल्या काळात शल्यचिकित्सक गळे कापत होते. बर्नच्या थिओडोर कोखरनं ही शस्त्रक्रिया इतकी सुरक्षित केली की तिच्यासाठी त्याला 1909 चं नोबेल मिळालं. मात्र 1883 मध्ये त्यानंच जाहीरपणे सांगितलं होतं, की ज्यांची ग्रंथी मी पूर्ण काढली ती माणसं पुढे मंद झाली, सुजली, मुलांची वाढ खुंटली. आपल्याच यशस्वी शस्त्रक्रियांचा असा हिशेब मांडणारे डॉक्टर आजही विरळा. ही ग्रंथी कशासाठी आहे, हे जगाला त्या हिशेबातून कळलं.

पुढची पावलं भराभर पडली. अमेरिकेत ओहायोमधल्या अक्रन गावी डेव्हिड मरीन आणि किंबल यांनी 1917 पासून शाळकरी मुलींना वर्षातून दोनदा आयोडीन दिलं. घेतलेल्या 2190 मुलींपैकी पाच जणींच्या ग्रंथी वाढल्या, न घेतलेल्या 2305 पैकी 495 जणींच्या. 1922 मध्ये स्वित्झर्लंडच्या एका परगण्यात आणि 1924 मध्ये मिशिगनमध्ये आयोडीनयुक्त मीठ दुकानात आलं. मिठाचीच निवड का? गरीब-श्रीमंत दोघंही ते रोज आणि जवळजवळ सारखंच खातात, ते थोड्याच ठिकाणी तयार होतं, आणि कुणी चव लागली म्हणून दुप्पट खात नाही. साखरेबद्दल असं म्हणता येणार नाही.

आता आपल्या देशात येऊ. काश्मीरपासून नागा टेकड्यांपर्यंत, हिमालयाच्या कडेकडेनं, जगातला सर्वांत मोठा गलगंडाचा पट्टा पसरलेला होता. आयोडीन मातीच्या वरच्या थरात असतं. हिमनद्यांनी आणि पावसानं तो थर धुऊन समुद्राला नेला. वाफेबरोबर आणि पावसाबरोबर थोडं परत येतं, पण नेलेल्याच्या मानानं नगण्य. पुराच्या मैदानांचंही तेच, म्हणून गंगेच्या आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतही गलगंड. ज्या मातीत नाही, तिच्यातल्या धान्यात नाही, चाऱ्यात नाही, म्हशीच्या दुधातही नाही.

1956 मध्ये व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी कांगडा खोऱ्यात गेले. तेव्हा ते पंजाबात होतं, आज हिमाचलात आहे. सुमारे एक लाख वस्तीचा भाग त्यांनी निवडला आणि त्याचे तीन विभाग केले. दोन विभागांत आयोडीन घातलेलं मीठ पाठवलं, एकात आयोडाइडच्या आणि एकात आयोडेटच्या रूपात. मधल्या विभागात साधं मीठ. मीठ कुठलं कुठे जातं यावर पहारा ठेवणं हेच खरं कष्टाचं काम होतं, कारण डोंगरातला माणूस मीठ घ्यायला दोन कोस जाऊन शेजारच्या बाजारातूनही आणू शकतो. सुरुवातीला तिन्ही विभागांत शाळकरी मुलांपैकी शंभरात पस्तीस-चाळीस जणांचे गळे वाढलेले होते. सहा वर्षांनी आयोडीनवाल्या दोन विभागांत हे प्रमाण साधारण निम्म्यावर आलं, मधल्या विभागात होतं तिथेच राहिलं. मग तिथेही आयोडीनचं मीठ सुरू केलं, आणि तिथलेही आकडे खाली आले. या दीर्घ अभ्यासाचा पुढचा अहवाल 1973 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला तेव्हा त्याच्या लेखकांत एम. जी. देव आणि एम. जी. करमरकर ही दोन मराठी नावंही आहेत, आणि त्याच परंपरेतल्या चंद्रकांत पांडव यांनी पुढची कित्येक वर्षं या मिठाचा पाठपुरावा केला. हे मी अभिमानासाठी सांगत नाही. गलगंड म्हणजे पहाडी लोकांची भानगड, असं आपल्याकडे समजलं जातं, म्हणून सांगते.

मधल्या विभागातल्या मुलांना सहा वर्षं साधं मीठ का दिलं, असा प्रश्न आजची कुठलीही नीतिमत्ता समिती विचारील, आणि विचारायलाच हवा. 1956 मध्ये जगात आयोडीनचा उपयोग ठाऊक होता. पण भारत सरकारला खर्च करायला लावायचा तर भारतातला, भारतीय मिठाचा, आकड्यांत मांडलेला पुरावा लागणार होता. तो मिळाल्यावर 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. माझ्या मनात या प्रयोगाबद्दल आदर आहे आणि त्या मधल्या विभागाबद्दल अस्वस्थता आहे. दोन्ही एकत्र राहू शकतात.

कार्यक्रम सुरू झाला आणि वीस वर्षं रखडला. कारण सोपं होतं: गलगंड हा दिसायला वाईट असला तरी माणूस त्यानं मरत नाही. डोंगरातल्या बायका त्यावर दागिने घालून मिरवतात, अशी वर्णनं प्रवासवृत्तांतांत सापडतात. मैदानातल्या सरकारला त्याची काय निकड वाटणार? सरकारी कारखान्यांतून थोडंसं मीठ निघायचं, डोंगरात पोचेपर्यंत स्वस्त साधं मीठ त्याची जागा घ्यायचं.

चित्र बदललं ते गळ्याकडून डोक्याकडे लक्ष गेलं तेव्हा. गलगंडाच्या खोऱ्यांत मुकी-बहिरी, ठेंगणी, मंदबुद्धी मुलं जास्त जन्मतात, हे आल्प्समध्ये शतकानुशतकं ठाऊक होतं, पण त्याचं कारण आनुवंशिकता, जवळच्या नात्यातली लग्नं, अस्वच्छता असं काहीही सांगितलं जाई. 1966 मध्ये पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात काही कुटुंबांना आयोडीनयुक्त तेलाचं इंजेक्शन दिलं, काहींना मिठाच्या पाण्याचं. पुढच्या वर्षांत जन्मलेल्या मुलांत असं मंदत्व जवळजवळ सगळं दुसऱ्या गटात आढळलं. पहिल्या गटात जी थोडी मुलं तशी निघाली, त्यांतल्या बहुतेकांच्या आया इंजेक्शन घेतलं तेव्हाच गरोदर होत्या. म्हणजे गर्भाच्या मेंदूला पहिल्या काही आठवड्यांतच आईचं हार्मोन लागतं; बाळाची स्वतःची थायरॉईड तोवर कामाला लागलेलीच नसते. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या गोंडा, देवरिया भागातल्या बाळांच्या नाळेचं रक्त टिपकागदावर घेऊन दिल्लीत तपासलं गेलं, तेव्हा जन्मतःच हार्मोन कमी असणाऱ्या बाळांचं प्रमाण दिल्ली किंवा केरळपेक्षा कितीतरी जास्त निघालं. आणि ज्या बाळांचा मेंदू थोडाच मागे पडला, ती कुठल्याही रुग्णालयात नोंदली जात नाहीत. ती चौथी-पाचवीत नापास होतात, घरी बसतात आणि गुरं राखायला जातात. मास्तर म्हणतात, पोरगं आळशी आहे.

बॅझिल हेटझेल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं 1983 मध्ये या सगळ्याला आयोडीन-कमतरतेचे विकार असं एकच नाव दिलं, आणि 1992 मध्ये आपल्या कार्यक्रमाचंही नाव तसं बदललं. 1983-84 मध्ये खाजगी कारखान्यांना आयोडीनच्या मिठाची परवानगी मिळाली होती आणि देशातलं सगळं खायचं मीठ आयोडीनयुक्त करायचं ठरलं होतं. सगळं का, फक्त डोंगरात का नाही? कारण पाहण्या होत गेल्या तसं कळलं, की देशातलं एकही राज्य यातून सुटलेलं नाही. महाराष्ट्रही नाही.

इथे कोकणातली मंडळी नेहमी हात वर करतात: आम्ही समुद्राकाठचे, आमचं मीठ समुद्राचं, आम्हाला कसली कमतरता? समुद्राच्या पाण्यात आयोडीन असतं, हे खरं. लिटरला 50-60 मायक्रोग्रॅमच्या आसपास. पण मिठागरात पाणी आटून मिठाचे खडे धरतात तेव्हा आयोडीन खड्यात येत नाही, मागच्या पाण्यात राहतं. भाईंदर, उरण, पेण, कुठल्याही आगरातलं जाडं मीठ घ्या, आयोडीन नावापुरतं. समुद्राचं आयोडीन मिळतं मासळीतून. तेव्हा रोज बांगडा खाणारा घाटावरच्यापेक्षा सुखी, पण ते मिठामुळे नव्हे. उपासाच्या सैंधवाचीही तीच गत, आणि ‘हिमालयन पिंक’ म्हणून काचेच्या बरणीत विकल्या जाणाऱ्या मिठाचीही. ते पाकिस्तानी पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीतून येतं. हिमालयाच्या नावानं गलगंडाचा पट्टा तेवढा आठवतो.

आता मिठाचं राजकारण. 1997 च्या अखेरीस खाण्यासाठी साधं मीठ विकायला देशभर बंदी आली. 2000 मध्ये ती उठवली. काय खावं हे लोकांवर सोडावं, असं सरकारचं म्हणणं. 2006 च्या मे महिन्यात पुन्हा आली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्या कायद्याखाली हा नियम केला, तो कायदा अशी सक्ती करायला अधिकार देत नाही. पण लोकांचं आरोग्य पाहता नियम लगेच रद्द न करता काही महिने चालू ठेवला, आणि तोवर नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या नियमांत तीच तरतूद आली.

विरोध करणाऱ्यांत गांधीवादी होते, स्वदेशीचे आग्रही होते, छोटे मीठ उत्पादक होते. ज्या देशात वडाळ्याच्या मिठागरावर आणि शिरोड्याच्या किनाऱ्यावर लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, तिथे सरकारनं पुन्हा मिठाला हात घातला की माणसं चवताळणारच. त्यात आयोडीन येतं मुख्यतः चिली आणि जपानमधून. शिवाय एकाच्या रोगासाठी सगळ्यांना औषध का, हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण ज्या बाळाचा मेंदू घडायचा आहे, त्याला निवड करता येत नाही, आणि गरोदर असल्याचं आईला कळेपर्यंत महत्त्वाचे आठवडे उलटून गेलेले असतात. म्हणून मी सक्तीच्या बाजूची आहे, आणि ते स्पष्टच सांगते.

मात्र छोट्या उत्पादकांची तक्रार खोटी नव्हती. आयोडीनचा आणि मिठाच्या पांढरेशुभ्रपणाचा काही संबंध नाही. जाड्या मिठावरही पोटॅशियम आयोडेटचं पाणी फवारता येतं, त्याला लागणारं यंत्र साधं असतं आणि किलोमागचा खर्च पैशांत मोजावा इतका. पण जाहिरातींनी आयोडीन म्हणजे पिशवीतलं बारीक, न चिकटणारं मीठ असं समीकरण लोकांच्या मनात बसवलं, आणि सक्तीचा लाभ मोठ्या कारखान्यांच्या पदरात पडला. आगरातल्या आगऱ्याला फवारणीचं यंत्र आणि थोडं प्रशिक्षण पुरवलं असतं, तर निम्मा विरोध उभाच राहिला नसता.

आतापर्यंत आयोडीनबद्दल इतकं बोलले, की गलगंडाचं दुसरं कारणच नाही असं वाटेल. आहेत, आणि आजच्या शहरी दवाखान्यात तीच जास्त दिसतात. 1928 मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये काही डॉक्टर सशांवर उपदंशाचा अभ्यास करत होते. सशांना खायला रोज कोबी. उपदंश राहिला बाजूला, सशांना गलगंड झाला. कोबी-फ्लॉवरच्या घराण्यातल्या भाज्यांत आयोडीन अडवणारी द्रव्यं असतात. काँगोतल्या किवू सरोवरातल्या इज्वी बेटावर कसावा खाणाऱ्यांत हेच दिसलं, पश्चिम सुदानात बाजरी खाणाऱ्यांत दिसलं. इथल्या बाजरीच्या भाकरीवर याचं बालंट नको. ही द्रव्यं अपाय करतात ती मुख्यतः आयोडीन आधीच तुटपुंजं असेल तिथे, आणि कोबी शिजवला की त्याचा जोर बराच ओसरतो. ‘थायरॉईड आहे म्हणून कोबी बंद’ असं सांगणाऱ्यांना मी विचारते, तुम्ही सशाइतका खाता का?

आयोडीन जास्त झालं तरी ग्रंथी वाढते. होक्काइडोच्या किनाऱ्यावर कोंबू हे सागरी शेवाळ भरपूर खाणाऱ्या जपानी लोकांत गलगंड आढळला. टास्मानियात 1966 मध्ये पावात आयोडेट घातलं, तेव्हा वर्षानुवर्षं गाठी धरलेल्या वयस्क लोकांच्या ग्रंथी एकदम हावरटासारख्या हार्मोन बनवू लागल्या, आणि जिनिव्हाची धडधड जवळजवळ दीड शतकानं पुन्हा ऐकू आली. काही रोग्यांत लिथियम आणि हृदयासाठीचं अमिओडॅरोन ही औषधं कारण ठरतात.

आणि मग शरीराची स्वतःवरच उलटलेली प्रतिकारशक्ती. डब्लिनच्या ग्रेव्हजनं 1835 मध्ये वर्णन केलेल्या रोगात अशी प्रतिपिंडं तयार होतात जी टीएसएचचं सोंग घेऊन ग्रंथीला दिवसरात्र हाकतात. गळा वाढतो, वजन उतरतं, हात थरथरतात, डोळे बाहेर येतात. जपानच्या हाशिमोतोनं 1912 मध्ये चार बायकांच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्या पांढऱ्या पेशींनी भरून गेल्या होत्या. आज त्याच्या नावाच्या या रोगात ग्रंथी आधी वाढते, मग झिजते, आणि हार्मोन कमी पडतं. आयोडीनची तूट भरून निघालेल्या भागांतही काही मुलांचे गळे मोठे राहतात, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

आकार आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरी जाताना ध्यानात ठेवा. मोठी ग्रंथी जास्त काम करत असेल, कमी करत असेल किंवा अगदी नेमकं करत असेल. टीएसएचच्या चाचणीतून काम कळतं, गाठ कसली आहे ते नाही. वयात येताना आणि गरोदरपणी गळा किंचित भरला तर ती बहुधा वाढत्या गरजेची खूण असते. पण गाठ झपाट्यानं वाढली, दगडासारखी कडक लागली, आवाज बसला तो सुटेना, गिळताना अडकू लागलं किंवा मानेच्या बाजूला आणखी गाठी आल्या, तर चाचणीचा कागद नॉर्मल आहे म्हणून घरी बसू नका. सुईनं पेशी काढून तपासायला पाच-दहा मिनिटं पुरतात.

शेवटचा मुद्दा अजून सुटलेला नाही, म्हणून तो तुमच्यासमोर ठेवते. आपल्या नियमाप्रमाणे मिठात कारखान्यात 30 आणि घरी पोचेपर्यंत किमान 15 पीपीएम आयोडीन हवं. ग्रॅममागे 15 मायक्रोग्रॅम. दिवसाला दहा ग्रॅम मीठ खाणाऱ्याला त्यातून 150 मिळतं, शिजवताना उडतं ते हिशेबात न धरता. पण रक्तदाबासाठी मीठ पाच ग्रॅमच्या आत आणा, असं आम्हीच डॉक्टर सांगतो, आणि ते बरोबरच आहे. लोकांनी खरोखर ऐकलं, तर त्याच मिठातून 75 मिळेल. 2018-19 च्या देशव्यापी पाहणीत 76.3 टक्के घरांतलं मीठ पुरेशा आयोडीनचं निघालं आणि लोकांच्या लघवीतलं आयोडीनही समाधानकारक आढळलं. पण ती पाहणी झाली ती अजून दहा ग्रॅम खाणाऱ्या देशात. उद्या गरोदर सुनेनं सासूच्या रक्तदाबाबरोबर स्वतःचंही मीठ तोडलं, वर पौष्टिक म्हणून सैंधव आणलं, तर तिच्या बाळाचं आयोडीन कुठून यायचं? मिठातलं प्रमाण वाढवावं, की दुधात किंवा पावात घालावं, की गरोदरपणातल्या लोहाच्या गोळीतच ते द्यावं, यावर पोषणाच्या क्षेत्रात वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर प्रमाण थोडं वाढवावं, पण टास्मानियाचा अनुभव ध्यानात घेऊन हळूहळू, आणि दर दोन-तीन वर्षांनी जिल्ह्याजिल्ह्यातल्या गरोदर बायकांच्या लघवीतलं आयोडीन मोजत. त्याला फार पैसा लागत नाही. लागतो तो शीतपेटीत नमुने गोळा करणाऱ्या आशाताईंचा वेळ, आणि सध्या तो आपण इतक्या कामांवर वाटून टाकला आहे, की हे काम नेमकं कुणी करायचं, हे आधी ठरवावं लागेल.